ऋषिऋणाची परतफेड

डिसेंबर सरता सरता मुंबईच्या हवेत जो नाममात्र गारवा येतो, तो पवईच्या तलावाकाठी अंमळ अधिक जाणवतो. त्याच दिवसांत तेथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या आवारात काही वेगळे पाहुणे दिसू लागतात. कानशिलांवर रुपेरी छटा आलेली, सोबत पत्नी किंवा पती, कॉलेजात जाण्याच्या वयाची मुले आणि हातात छायाचित्रे टिपण्याचे साहित्य. येथील वसतिगृहे नावांपेक्षा क्रमांकांनीच ओळखली जातात. त्यामुळे पाहुण्यांची एकमेकांशी ओळखही क्रमांकांनीच पुन्हा जुळते. कोणी आपल्या जुन्या खोलीच्या दारावर टकटक करतो आणि आत अभ्यास करीत बसलेल्या विद्यार्थ्याला अवघडून टाकतो. कोणी मेसमधले वरण अजूनही तितकेच पातळ असते का, याची आस्थेने चौकशी करतो. पदवी मिळून पंचवीस वर्षे झालेल्या तुकडीचा हा रौप्यमहोत्सवी मेळावा.

असे स्नेहमेळावे देशभर होतात. गाणी होतात, गुरुजनांचा सत्कार होतो, पंक्ती उठतात आणि मंडळी आपापल्या गावी परततात. पवईच्या मेळाव्यात मात्र समारोपाच्या सुमारास एक आकडाही जाहीर होतो. १९९८ साली पदवी घेतलेल्या तुकडीने डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या संस्थेला ५७ कोटी रुपये देण्याचे वचन दिले. दोनशेहून अधिक माजी विद्यार्थ्यांचा त्यात सहभाग होता. त्यापूर्वीचा उच्चांक १९७१ च्या तुकडीचा होता. त्यांनी आपल्या सुवर्णमहोत्सवी वर्षात ४१ कोटी रुपये उभे केले होते. नव्या रकमेतून शिष्यवृत्त्या, विद्यार्थ्यांना स्वतःच्या हातांनी यंत्रे घडविता यावीत अशी कार्यशाळा आणि नवे वसतिगृह अशी कामे योजण्यात आली.

एका वर्गात बसलेल्या मुलांनी पंचवीस वर्षांनी एकत्र येऊन असा निधी उभारावा, ही घटना कौतुकास्पद तर आहेच. पण हा पैसा येतो कसा, कशावर खर्च होतो, किती काळ पुरतो आणि देणाऱ्याला त्यातून कोणता अधिकार मिळतो, हे प्रश्न त्या आकड्याइतकेच महत्त्वाचे आहेत. आपल्या शाळा-महाविद्यालयाच्या अमृतमहोत्सवाचे वा शताब्दीचे निमंत्रण ज्याच्या हाती कधीतरी येणार आहे, अशा प्रत्येकाला ते लागू पडतात.

ऋण कोणाचे?

आपल्या परंपरेने माणसाच्या माथी जन्मतःच तीन ऋणे सांगितली आहेत: देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. त्यांपैकी ऋषिऋण हे विद्येचे. बँकेच्या व्यवहारात कर्ज देणारा आणि घेणारा दोघेही ठाऊक असतात, रक्कम ठरलेली असते आणि परतफेडीची तारीखही. ऋषिऋणाचे तसे नाही. ज्यांनी दिले त्यांना ते परत करता येत नाही. ते पुढच्या पिढीलाच द्यावे लागते.

पवईच्या संस्थेची जन्मकथा पाहिली तर हे ऋण किती जणांचे असते याची कल्पना येते. २५ जुलै १९५८ रोजी तिचे पहिले सत्र सुरू झाले, तेव्हा तिला स्वतःची वास्तूसुद्धा नव्हती. वरळी येथील ‘सस्मिरा’ या संस्थेच्या इमारतीत वर्ग भरले. ३,४०० हून अधिक अर्जदारांतून निवडलेले १०० विद्यार्थी, हे तिचे पहिले भांडवल. युनेस्कोच्या मार्फत सोव्हिएत संघाकडून यंत्रसामग्री आणि तज्ज्ञ आले. पवई येथील ५५० एकर जमीन राज्य शासनाने दिली. १० मार्च १९५९ रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली. पुढे कित्येक दशके विद्यार्थ्याकडून घेतले जाणारे शुल्क प्रत्यक्ष खर्चाच्या मानाने अल्पच राहिले. उरलेला भार देशाच्या तिजोरीने, म्हणजे करदात्याने उचलला. त्या करदात्यांतल्या बहुसंख्यांच्या घरातले मूल त्या आवारात कधीच पाऊल टाकणार नव्हते.

तेव्हा येथला माजी विद्यार्थी देणगी देतो, ती केवळ स्वतःच्या महाविद्यालयाविषयीच्या जिव्हाळ्यापोटी नसते. तो एका फार मोठ्या सामाजिक कर्जाचा हप्ता असतो, आणि हे भान निधी मागणाऱ्यानेही ठेवावे, देणाऱ्यानेही.

प्रथेचा उगम

तुकडीनिहाय देणगी देण्याची प्रथा अमेरिकेतून जगभर पसरली. येल विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांनी १८९० साली दरवर्षी वर्गणी गोळा करणारा निधी सुरू केला. हार्वर्डच्या १८८० च्या तुकडीने १९०५ साली, पदवीला पंचवीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने, एक लाख डॉलर विद्यापीठाला दिले. तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष असलेले थिओडोर रूझवेल्ट हे याच तुकडीतले. पुढच्या वर्षांतील तुकड्यांपुढे एक उदाहरण उभे राहिले आणि पंचविसाव्या वर्षीची भेट हा तेथला रिवाजच होऊन बसला.

पंचवीस वर्षांचाच टप्पा का, यामागे व्यवहार आहे. पदवीनंतरची पहिली दहा-पंधरा वर्षे घर, संसार आणि कर्जाचे हप्ते यांत जातात. पंचविशीच्या सुमारास माणूस साधारण ४७-४८ वर्षांचा होतो. नोकरीधंद्यात स्थिरावलेला असतो आणि मागे वळून पाहण्याची इच्छाही याच वयात होते. पन्नासाव्या वर्षी निवृत्ती आलेली असते, मुले मार्गी लागलेली असतात आणि आपल्या पश्चात काय उरेल, हा विचार मनात डोकावू लागतो. रौप्य आणि सुवर्ण हे दोन्ही महोत्सव म्हणूनच निधिसंकलनाचे हुकमी टप्पे ठरले.

भारतात ही प्रथा उशिरा रुजली. येथे शिक्षणसंस्था राजे-महाराजे, व्यापारी आणि लोकवर्गणी यांच्यावर उभ्या राहिल्या आणि स्वातंत्र्यानंतर शासनावर. माजी विद्यार्थी हा घटक हिशेबात आला तो प्रामुख्याने १९९० च्या दशकात. परदेशी, विशेषतः अमेरिकेत गेलेल्या अभियंत्यांनी तेव्हा उद्योग उभारले होते आणि तेथली देण्याची रीतही आत्मसात केली होती.

नावे कोरलेल्या वास्तू

पवईच्या आवारातून फेरफटका मारला की या बदलाच्या खुणा इमारतींवरच वाचता येतात. १९६७ साली येथून पदवी घेतलेले आणि अमेरिकेत संगणक-उद्योगात नाव मिळवलेले कंवल रेखी यांच्या देणगीतून माहिती-तंत्रज्ञानाचे स्वतंत्र विद्यालय उभे राहिले. पुढे ते संगणकशास्त्र विभागात विलीन झाले, तरी वास्तूवर नाव राहिले. १९९५ साली सुरू झालेल्या व्यवस्थापन विद्यालयाला १९७१ च्या तुकडीतील शैलेश मेहता यांचे नाव आहे. बँकिंग क्षेत्रातील वाचकांना परिचित असलेले, सिटीग्रुपमध्ये उच्चपदी राहिलेले व्हिक्टर मेनेझिस यांच्या नावाने सभा-संमेलनांचे केंद्र आहे.

‘इन्फोसिस’चे सहसंस्थापक आणि ‘आधार’ योजनेचे शिल्पकार नंदन नीलेकणी यांनी १९७३ साली या संस्थेत प्रवेश घेतला. त्या प्रवेशाला पन्नास वर्षे झाल्यानिमित्त जून २०२३ मध्ये त्यांनी ३१५ कोटी रुपये जाहीर केले. त्याआधी त्यांनी वेळोवेळी ८५ कोटी दिलेले होतेच आणि त्यातून नवी वसतिगृहेही उभी राहिली होती. अशा रीतीने त्यांची देणगी ४०० कोटींवर गेली. विशेष हे की त्यांनी निमित्त निवडले ते पदवीचे नव्हे, तर प्रवेशाचे. संस्थेने आपल्याला आत घेतले, तो दिवस त्यांनी मोजला.

इमारतीसाठी माजी विद्यार्थ्यांकडे पाहण्याचे आणखी एक कारण आहे. केंद्रीय संस्थांच्या बांधकामांना पूर्वी थेट अनुदान मिळे. २०१७ साली केंद्र शासन आणि कॅनरा बँक यांनी मिळून ‘उच्च शिक्षण वित्तपुरवठा संस्था’ स्थापन केली आणि नव्या वास्तूंसाठी कर्जाचा मार्ग खुला झाला. व्याजाचा भार शासन उचलते. मुद्दलाचा काही भाग मात्र संस्थेला स्वतःच्या उत्पन्नातून फेडावा लागतो. कर्ज म्हटले की हप्ता आला, आणि हप्ता म्हटला की उत्पन्नाचा शोध आला. तो शोध जसा विद्यार्थ्यांच्या शुल्काकडे वळतो, तसा माजी विद्यार्थ्यांकडेही.

दहा कोटींच्या इमारतीची खरी किंमत

महोत्सव आला की बहुतेक संस्थांना पहिली आठवण नव्या इमारतीचीच होते. ते स्वाभाविक आहे. इमारत दिसते, तिचे चित्र पत्रकावर छापता येते, कोनशिला बसवता येते, उद्घाटनाला पाहुणे बोलावता येतात. देणाऱ्याला आपला पैसा कोठे गेला हे डोळ्यांनी पाहता येते. उद्वाहकाच्या दुरुस्तीवर किंवा गच्चीच्या गळतीवर मात्र आपले नाव कोरले जावे, अशी इच्छा अद्याप कोणा दात्याने व्यक्त केल्याचे ऐकिवात नाही.

येथे थोडे गणित मांडून पाहू. एखाद्या विभागाच्या सुवर्णमहोत्सवासाठी माजी विद्यार्थ्यांनी दहा कोटी रुपये जमवून इमारत बांधली, असे समजा. रंगरंगोटी, वीज, पाणी, सफाई, सुरक्षा, दुरुस्ती यांवर बांधकामखर्चाच्या दोन टक्के दरवर्षी लागतात असे धरले, तर ते झाले वीस लाख रुपये. हे वीस लाख दरवर्षी, इमारत उभी आहे तोवर, कोठून तरी यावयास हवेत. त्यासाठी कायम ठेव ठेवायची आणि तिच्यातून दरवर्षी फक्त चार टक्के काढायचे ठरवले, तर ठेव हवी पाच कोटींची. अर्थात दहा कोटींच्या इमारतीची खरी किंमत पंधरा कोटी असते. वरचे पाच कोटी कोणी न जमवल्यास ते पुढे विद्यार्थ्यांच्या शुल्कातून तरी जातात किंवा भिंतींच्या ओलीतून दिसू लागतात.

चारच टक्के का, सात टक्के व्याज मिळत असता सगळे का नाही? बँकेच्या ग्राहकांना ‘बहात्तरचा नियम’ ठाऊक असतो: बहात्तरला व्याजदराने भागले की रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल ते कळते. हाच नियम उलट्या बाजूनेही लागू पडतो. भाववाढीचा दर सहा टक्के असेल आणि व्याज सगळेच खर्च होत असेल, तर बारा वर्षांत त्या ठेवीची क्रयशक्ती निम्मी होते. पासबुकात आकडा तोच दिसतो, पण त्यातून होणारे काम अर्धेच राहते. म्हणून मिळालेल्या उत्पन्नाचा काही भाग मुद्दलात परत घालावाच लागतो. नुसत्या मुदत ठेवीवर हे गणित काठावरच जमते. त्यामुळे जगातील मोठी विद्यापीठे आपला निधी रोखे, समभाग, स्थावर मालमत्ता अशा अनेक साधनांत विभागून ठेवतात आणि दरवर्षी साधारण पाच टक्क्यांच्या आसपासच खर्च करतात.

अलीकडे आपल्याकडेही या विचाराने मूळ धरले आहे. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांच्या कायम निधीचा प्रारंभ ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झाला, तो २५० कोटींच्या वचनांसह. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत २०२० साली दहा माजी विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने १०० कोटींच्या प्रारंभिक रकमेचा असाच निधी सुरू झाला.

वास्तू आणि ठेव यांतला फरक एकाच दात्याच्या दोन देणग्यांतून पाहावयाचा असेल, तर दीडशे वर्षे मागे जावे लागते. कापसाच्या व्यापारात अमाप पैसा मिळवलेले शेठ प्रेमचंद रायचंद हे मुंबई विद्यापीठाचे पदवीधर नव्हते. तरीही १८६४ साली त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालय आणि मनोरा यांसाठी मोठ्या रकमा दिल्या. पुढच्याच वर्षी मुंबईचा शेअरबाजार कोसळला आणि शेठजींचे ऐश्वर्यही लयाला गेले. दान मात्र आधीच दिलेले होते. त्यातून सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी रेखाटलेला मनोरा १८७८ साली पूर्ण झाला आणि दात्याच्या मातोश्रींच्या नावाने राजाबाई टॉवर म्हणून ओळखला जाऊ लागला. मुंबईचे ते भूषण आहे. परंतु काळाने झिजलेल्या त्या वास्तूच्या जीर्णोद्धारासाठी नव्या दात्याची वाट पाहावी लागली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या अर्थसाहाय्याने ते काम २०१५ साली पुरे झाले.

याच प्रेमचंद शेठजींनी १८६६ साली कोलकाता विद्यापीठाला दोन लाख रुपये दिले, तेही शिष्यवृत्तीसाठी. मुद्दल कायम ठेवून उत्पन्नातून विद्वानांना वृत्ती द्यावयाची, अशी ती योजना. पुढे कुलगुरू झालेले सर आशुतोष मुखर्जी आणि मराठ्यांच्या इतिहासाचे थोर अभ्यासक सर जदुनाथ सरकार हे या वृत्तीचे मानकरी. मनोऱ्याला दुसरा दाता लागला. शिष्यवृत्तीने स्वतःच्याच उत्पन्नातून पिढ्या घडवल्या.

याचा अर्थ इमारती बांधू नयेत असा नव्हे. वर्गच नसतील तर शिष्यवृत्ती घेणारा बसणार कोठे? पण महोत्सवी निधीचे पत्रक काढताना बांधकामाच्या आकड्याखाली देखभालीच्या ठेवीचा आकडाही त्याच ठळक अक्षरांत छापला जावा, इतकेच.

वचन आणि जमा

निधिसंकलनाचे काम वाटते तितके उत्स्फूर्त नसते. महोत्सवाच्या दीड-दोन वर्षे आधी प्रत्येक तुकडीतले चार-सहा उत्साही जण पुढे येतात. पहिले काम पत्त्यांचे. मुलींची लग्नानंतर बदललेली आडनावे, परदेशी गेलेल्यांचे हरवलेले दूरध्वनी आणि जे आता हयात नाहीत त्यांची यादी. ही यादी करतानाच जुने बंध पुन्हा जुळू लागतात. त्यानंतर जाहीर आवाहनाच्या आधी मोजक्या समर्थ मित्रांशी खाजगीत बोलणे होते. उद्दिष्टाचा बराच भाग तेथेच निश्चित होतो आणि मगच आवाहनपत्र निघते. ‘निम्मे जमले आहे’ असे सांगता आले की उरलेल्यांचाही विश्वास बसतो.

रकमेचा मोठा वाटा थोड्यांकडूनच येतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. तरीही जाणते संयोजक रकमेइतकेच लक्ष सहभागाकडे देतात. शंभरातल्या साठ जणांनी काही ना काही दिले असेल, तर ती तुकडीची भेट होते. एकानेच सारे दिले, तर ती एका श्रीमंत मित्राची मेहेरबानी ठरते आणि पुढच्या मेळाव्याला इतरांची पावले जड होतात.

जाहीर झालेला आकडा आणि खात्यात जमा झालेला आकडा यांतही अंतर असते. बहुधा वचने तीन ते पाच वर्षांत हप्त्यांनी पुरी करावयाची असतात. मध्यंतरी कोणाची नोकरी जाते, कोणाच्या कंपनीचे समभाग गडगडतात. म्हणून वचनाच्या भरवशावर ठेकेदाराला पायाचे काम देणे म्हणजे न वटलेल्या धनादेशावर खर्च करणे होय. जमा झालेल्या रकमेपुरतेच टप्पे आखावेत आणि दरवर्षी हिशेब प्रत्येक दात्याकडे, मग त्याने पाचशे रुपये का दिले असेनात, न मागता पोहोचवावा.

करविषयक बाबीही ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरात वजावट मिळते. राष्ट्रीय महत्त्वाच्या काही शिक्षणसंस्थांच्या बाबतीत ती पूर्ण रकमेवर असते, तर इतर अनेकांच्या बाबतीत निम्म्या रकमेवर आणि उत्पन्नाच्या ठराविक मर्यादेत. मात्र हा लाभ जुनी कररचना निवडणाऱ्यालाच होतो. शिवाय दोन हजार रुपयांहून अधिक देणगी रोखीने दिल्यास वजावट मिळत नाही, तेव्हा धनादेश किंवा बँकेमार्फत हस्तांतरण हाच मार्ग उत्तम. परदेशस्थांच्या बाबतीत नागरिकत्व निर्णायक ठरते. भारतीय पारपत्र बाळगणाऱ्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक-मार्गाने पाठवलेली रक्कम ‘विदेशी अंशदान’ मानली जात नाही. ज्याने परदेशाचे नागरिकत्व घेतले, त्याची देणगी मात्र त्या कायद्याच्या कक्षेत येते. ती स्वीकारण्यापूर्वी आपल्याला तशी परवानगी वा सूट आहे का, हे संस्थेने तपासलेच पाहिजे. पवईच्या माजी विद्यार्थ्यांची ‘हेरिटेज फाउंडेशन’ ही अमेरिकेतील संस्था तेथल्या दात्यांची सोय तेथल्याच करनियमांनुसार पाहते.

देणाऱ्याचा अधिकार

दानाबरोबर अपेक्षा येते, आणि येथेच नाजूक वळण लागते. रतन टाटा यांनी १९७५ साली हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये उच्च व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता. २०१० साली टाटा समूहातील कंपन्या आणि न्यास यांनी त्या संस्थेला पाच कोटी डॉलर देण्याचे जाहीर केले आणि त्यातून ‘टाटा हॉल’ उभा राहिला. भारतातील संस्था पैशावाचून अडलेल्या असताना जगातील श्रीमंत विद्यालयाला ही भेट कशासाठी, अशी टीका तेव्हा झाली. दात्याने कोणाचे ऋण आधी फेडावे, हा त्या वादाचा गाभा होता. त्याचे उत्तर कोणा तिऱ्हाइताने देणे कठीण आहे. मात्र तो प्रश्न विचारला गेला, हे योग्यच झाले.

उलट बाजूचे उदाहरण अहमदाबादचे. तेथील व्यवस्थापन संस्थेचे विटांचे भव्य आवार विख्यात वास्तुविशारद लुई कान यांनी रचले. डिसेंबर २०२० मध्ये त्यातील १८ पैकी किमान १४ वसतिगृहे पाडून नवी बांधण्याचा संस्थेचा विचार पुढे आला. माजी विद्यार्थ्यांनी आणि जगभरच्या वास्तुविशारदांनी तीव्र विरोध केला आणि १ जानेवारी २०२१ रोजी संस्थेने तो निर्णय मागे घेतला. जुन्या बांधकामाची सुरक्षितता हा प्रश्न मात्र खराच होता आणि २०२२ मध्ये पुनर्बांधणीची चर्चा पुन्हा निघाली. माजी विद्यार्थ्याचे मन जडलेले असते ते आपल्या काळच्या आवारावर. संस्थेला वाहावी लागते ती आज तेथे राहणाऱ्या मुलांची काळजी. या दोहोंचा मेळ घालणे नव्या कोनशिलेपेक्षा अवघड असते.

सामान्यतः एवढे पथ्य पाळले जावे: इमारतीला नाव देता येईल, अभ्यासक्रम ठरवता येणार नाही. शिष्यवृत्तीचा विषय सुचवता येईल, विद्यार्थी निवडता येणार नाही. आणि हे देणगी स्वीकारण्यापूर्वी लेखी ठरलेले असावे; नंतर संकोच आड येतो.

ओंजळभर दान

कोट्यवधींच्या या कथा ऐकून तालुक्याच्या गावातील महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी खंतावून जाऊ नये. त्यांचे माजी विद्यार्थी शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतील लिपिक, शेतकरी, दुकानदार असतील. पण महाराष्ट्रातील शिक्षणाचा इतिहास अशाच ओंजळींनी लिहिला आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा तिच्यामागे कोणी धनाढ्य माजी विद्यार्थी असण्याचा प्रश्नच नव्हता. वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही मोडल्याची हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर शिकलेल्या मुलांना विद्येची किंमत वेगळी समजावून सांगावी लागली नाही.

लहान रकमेचे गणितही निराश करणारे नाही. दोनशे माजी विद्यार्थ्यांनी दरमहा शंभर रुपये खात्यातून परस्पर वळते करण्याची स्थायी सूचना बँकेला दिली, तर वर्षाला दोन लाख चाळीस हजार रुपये जमतात. पहिली दहा वर्षे त्याला हात न लावता ठेव वाढू दिली, तर व्याज न धरताही चोवीस लाखांची पुंजी होते. चार टक्क्यांच्या हिशेबाने तिच्यातून दरवर्षी शहाण्णव हजार रुपये काढता येतील. होतकरू मुलांचे परीक्षाशुल्क, ग्रंथालयाची नवी पुस्तके किंवा प्रयोगशाळेतली फुटकी उपकरणे बदलणे, यांतले एखादे काम कायमचे मार्गी लागेल. शताब्दीच्या वर्षी घाईघाईने मागितलेल्या वर्गणीपेक्षा अशी दशकभर संथपणे साठलेली ठेव संस्थेच्या अधिक उपयोगी पडते. हे काम महोत्सवाच्या वर्षी सुरू करावयाचे नसते. ते दहा वर्षे आधी, म्हणजे बहुतेक संस्थांच्या बाबतीत आजच, सुरू करावयाचे असते.

ऑगस्ट २०२३ मध्ये पवईच्या संस्थेला १६० कोटी रुपयांची आणखी एक देणगी मिळाली. हरित ऊर्जा आणि शाश्वत विकास यांच्या संशोधनासाठी ती होती. देणारा माजी विद्यार्थी होता, एवढेच जाहीर झाले. त्याने आपले नाव कळू दिले नाही. देवळातल्या दानपेटीत दहाची नोट टाकणारी म्हातारीही पावती मागत नाही. रकमेत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, पण देण्याची रीत दोघांचीही एकच.

यंदाच्या डिसेंबरातही पवईला कोणती तरी तुकडी जमेल. कोणी वसतिगृहाच्या त्या जुन्या दारावर टकटक करील. आतून जो मुलगा वा मुलगी दार उघडील, तिच्या डोक्यावरचे छप्पर गळत नसेल, तिच्या शुल्काचा काही भाग कोणाच्या तरी ठेवीच्या व्याजातून आलेला असेल, आणि तो कोणाच्या, हे तिला ठाऊक नसेल. पंचवीस वर्षांनी त्या खोलीचे दार ठोठावण्याची पाळी तिची असेल.